टीमशी सकारात्मक बोलायचं म्हणजे नेमकं कसं? नेटवर्क मार्केटिंगमध्ये पहिली टीम बांधणाऱ्यांसाठी

माझ्या टीममधल्या एक ताई रोज सकाळी सातच्या आत ग्रुपवर ‘आज मी जिंकणारच’ असा मेसेज टाकायच्या. सोबत उगवता सूर्य आणि तीन ज्वाळा. मी लगेच टाळ्या द्यायचे. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना त्यांच्या हातातून फोन निसटला, कॅमेरा वर फिरला आणि कपाटावर एकावर एक रचलेले कंपनीचे सहा खोके दिसले. सगळ्यांची चिकटपट्टी जशीच्या तशी. चार महिने त्या रँक (कंपनीतली वरची पायरी) टिकवायला स्वतःच्याच आयडीवर, म्हणजे सभासद क्रमांकावर, माल घेत होत्या, विकला काहीच नव्हता, आणि मला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. बोलणार तरी कशा? ग्रुपचा पहिला नियम मीच लिहिला होता: ‘इथे निगेटिव्ह बोलायचं नाही.’

तो नियम मी त्याच रात्री पुसला. त्यानंतरच्या काही वर्षांत टीमशी बोलण्याचं जे थोडंफार जमलं आणि जे सपशेल फसलं, ते इथे क्रमाने लिहिते. तुम्ही नुकतेच अपलाइन झाला असाल, म्हणजे कंपनीचा माल विकायला तुम्ही जोडलेली चार-सहा माणसं तुमच्या खाली आली असतील आणि रोज त्यांना काय बोलायचं हा प्रश्न असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. सकारात्मक बोलणं याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच: टीममधल्या माणसाला वाईट बातमी घेऊन माझ्याकडे यायची भीती वाटू नये. इमोजी हवे तर घाला, त्याला माझी हरकत नाही.

आधी हाताशी काय हवं

- एक साधी वही. प्रत्येक सभासदाला एक पान. मोबाइलमधल्या नोंदी चालतील, पण फोनवर बोलता बोलता लिहायला वहीच बरी पडते.
- कंपनीच्या कमिशन प्लॅनची ताजी प्रत. दोन वर्षांपूर्वी कुणी फॉरवर्ड केलेली पीडीएफ चालणार नाही.
- माल परत करण्याचे आणि करार रद्द करण्याचे नियम, मुदतीसह.
- कंपनी सभासदांच्या उत्पन्नाचा तक्ता जाहीर करत असेल तर तो.
- उत्पादनांची लेबलं किंवा अधिकृत माहितीपत्रकं. कुठला दावा करायचा, कुठला नाही, हे यावरून ठरतं.
- बॅक ऑफिसचा, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या तुमच्या खात्यातला, टीम रिपोर्ट.
- तुमचा स्वतःचा जमाखर्च. प्रवास, सेमिनारची तिकिटं, नमुने, फोन, सगळं धरून. हा नसेल तर आठव्या पायरीला तुमची बोलती बंद होईल.

१. नातं काय आहे ते सुरुवातीलाच उघड बोला

टीममधली माणसं तुमची नोकर नाहीत. तुम्ही त्यांना पगार देत नाही, त्यांची रजा मंजूर करत नाही. उलट त्यांच्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कमिशन मिळतं. ही गोष्ट त्यांना माहीत असते, तुम्हालाही असते, पण दोघंही त्यावर गप्प राहतात. मग तुम्ही मनापासून ‘कसं चाललंय?’ विचारलंत तरी त्यांना ‘ऑर्डर कधी टाकताय?’ असंच ऐकू येतं.

म्हणून मी पहिल्याच बैठकीत सांगते: “ताई, तुमच्या ऑर्डरवर मला पैसे मिळतात. त्यामुळे मी तुम्हाला माल घ्या म्हटलं तर दोनदा विचार करा. नको असेल तर सरळ नको म्हणा, मी रुसणार नाही.” पहिल्यांदा हे बोलताना माझी जीभ अडखळली होती. समोरच्या बाई मात्र हसल्या आणि खुर्चीला टेकून बसल्या. तोवर त्या पर्स मांडीवर धरून काठावर बसल्या होत्या.

शब्दही सांभाळा. ‘माझ्या खालची माणसं’, ‘डेड लेग’ (टीमची काम थांबलेली शाखा), ‘तो आयडी पेटवायचाय’ ही भाषा आपण आपापसांत वापरतो आणि मग ती नको तिथे तोंडातून निघते. माझ्या ओळखीतल्या एकाने अपलाइनशी बोलताना “डावा लेग मेलाय हो” म्हटलं. डाव्या लेगमधला माणूस गाडीत मागच्या सीटवर बसला होता.

२. पहिल्या संभाषणात प्लॅन बाजूला ठेवा, प्रश्न विचारा

जॉइनिंग झाल्या झाल्या नावांची यादी करायला बसवायची आपल्याकडे पद्धत आहे. यादी दोन दिवसांनी केली तरी काही बिघडत नाही. आधी हे विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा:

- हे काम करावंसं का वाटलं?
- आठवड्याला खरोखर किती तास निघतील?
- घरात कुणाचा विरोध आहे का? असला तर त्यांचं म्हणणं काय?
- यात किती पैसे अडकले तरी घर हलणार नाही?
- मी फोन केलेला चालेल की मेसेज? किती वाजता?

चौथा प्रश्न बहुतेक अपलाइन टाळतात, कारण तो विचारला की समोरच्याचा उत्साह कमी होतो असं त्यांना वाटतं. कमी होऊ दे. तो आकडा वहीत असला की पुढे महिनाअखेरीस टार्गेटसाठी तुमची जीभ सुटायला लागली तर पान उघडून स्वतःलाच आवरता येतं.

इथला मोठा सापळा म्हणजे स्वप्नांचा फळा. गाडीचे, बंगल्याचे फोटो चिकटवायचे आणि रोज त्याकडे बघायचं. मीही हे वर्षभर करून घेतलं. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ऑटिंगन यांचा १९९१ सालचा एक अभ्यास माझ्या वाचनात फार उशिरा आला. वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांवर तो केला होता. आपल्याला हे जमेल असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. पण यशाची गुलाबी चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं मात्र इतरांपेक्षा कमी उतरलं. म्हणजे भरवसा आणि दिवास्वप्न या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण सेमिनारमध्ये त्यांची सर्रास खिचडी करतो. ऑटिंगन पुढे सुचवतात ती पद्धत सोपी आहे: इच्छा बोलून झाली की लगेच ‘मग यात आडवं काय येईल?’ हा प्रश्न घ्यायचा. स्वप्न विचारायला माझी ना नाही. फक्त अडथळ्याचा प्रश्न त्याच बैठकीत विचारा.

३. ऐकण्याचा फोन वेगळा, कामाचा फोन वेगळा

सगळ्या पायऱ्यांत मला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपण एकाच फोनमध्ये सगळं कोंबतो. तब्येत विचारायची, मुलांची परीक्षा विचारायची, आणि तिसऱ्या मिनिटाला “बरं, या महिन्याचे पॉइंट किती झाले?” चार-पाच वेळा असं झालं की तब्येतीची चौकशी ही पॉइंटची, म्हणजे खरेदी-विक्रीच्या हिशेबाची, प्रस्तावना आहे हे माणूस ओळखतो. मग तो फोनच उचलत नाही, आणि आपण म्हणतो, ‘अमुक जण थंड पडला.’

मी आता दोन फोन करते. कामाचा फोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटांचा. त्यात ऑर्डर, भेटी, फॉलोअप, सगळं मोकळेपणाने विचारते. ऐकण्याचा फोन दोन-तीन आठवड्यांतून एकदा. त्यात पॉइंट, रँक, टार्गेट हे शब्द मी काढत नाही. समोरच्याने काढले तर ऐकते, पण तिथे विक्रीचे डावपेच शिकवत नाही.

ऐकायचं कसं याचं एक जुनं तंत्र आहे. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली त्याला ‘सक्रिय श्रवण’ असं नाव दिलं. थोडक्यात असं, की समोरच्याने सांगितलेलं, आणि त्याच्या मागची भावनाही, आपल्या शब्दांत त्याला परत सांगायची आणि ‘बरोबर समजले ना?’ विचारायचं. सल्ला नंतर. वाचायला बाळबोध वाटतं. करून बघा, घाम फुटतो. माझा एक फोन साधारण असा झाला होता:

“मॅडम, मला वाटतं हे माझ्याच्याने होणार नाही.”

(इथे माझ्या जिभेवर ‘असं बोलायचं नाही, तुम्ही वाघीण आहात!’ आलं होतं. गिळलं.)

“दमलात.”

“दमले नाही हो. लाज वाटते. बहिणीकडे गेले तर तिने दार उघडायच्या आधी आतून विचारलं, परत काही विकायला आलीस का.”

“म्हणजे कामापेक्षा बहिणीचं बोलणं लागलं.”

मग बराच वेळ काहीच नाही. फक्त पंख्याचा आवाज. मीही गप्प राहिले. त्यानंतर त्या बारा-पंधरा मिनिटं बोलल्या. शेवटी त्यांनीच ठरवलं की नातेवाइकांच्या यादीवर फुली मारायची आणि अनोळखी ग्राहकांकडेच जायचं. मी ‘वाघीण’ म्हटलं असतं तर फोन दोन मिनिटांत संपला असता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर सूर्य उगवला असता.

ती शांतता भरून काढायची नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. आपण बोलणाऱ्यांच्या धंद्यातली माणसं. तीन सेकंद कुणी गप्प बसलं की आपल्याला वाटतं नेटवर्क गेलं.

आणखी दोन बारीक गोष्टी. चार-चार मिनिटांच्या व्हॉइस नोट पाठवू नका. त्या कुणी पूर्ण ऐकत नाही, आणि ‘ऐकली का?’ असा दुसरा मेसेज पाठवला की त्याचं ओझं होतं. तसंच थ्री-वे कॉल न सांगता जोडू नका. “आपले सिनियर सर पण लाइनवर आहेत हं” हे वाक्य फोन सुरू झाल्यावर ऐकलेला माणूस पुन्हा तुमच्याशी मोकळं बोलणार नाही.

४. ‘नाही’ ऐकून आलेल्या माणसाशी

नवा माणूस पहिल्या आठवड्यात दहा जणांना भेटतो, नऊ जण नाही म्हणतात, एक जण ‘बघतो’ म्हणतो. तो तुम्हाला फोन करतो. आता तुम्ही काय बोलता यावर पुढचं बरंच ठरतं.

ही वाक्यं मी माझ्यापुरती बंद केली आहेत:

‘ते लोक निगेटिव्ह आहेत.’ ती माणसं त्याची मावशी, मित्र, शेजारी असतात. त्यांना ‘ड्रीम स्टीलर’ म्हणून तुम्ही त्याला घरच्यांपासून तोडता. शिवाय नऊपैकी चार जणांचं म्हणणं रास्तही असू शकतं. माल महाग वाटला, गरजच नव्हती, किंवा आधी एकदा हात पोळले होते.

‘तुझा माइंडसेट कमी पडतो.’ याला उत्तरच नाही. माणूस आपला माइंडसेट दुरुस्त कुठे करून आणणार?

‘आकड्यांचा खेळ आहे, शंभर जणांना भेट.’ चुकीच्या पद्धतीने शंभर जणांना भेटलं की शंभर ओळखी जातात, बाकी काही होत नाही.

त्याऐवजी एक भेट निवडा आणि ती त्याच्याकडून सविस्तर ऐका. कुठे बसला होतात? पहिलं वाक्य काय बोललात? ते कधी घड्याळाकडे बघायला लागले? एका तरुणाने मला असं सगळं सांगितलं तेव्हा लक्षात आलं की तो पंचवीस मिनिटं प्लॅनच दाखवत होता. समोरच्या काकांनी दोनदा साबणाबद्दल विचारलं, आणि याने दोन्हीदा ‘ते नंतर सांगतो’ म्हणून वर्तुळं काढणं चालू ठेवलं. ग्राहक समोर बसला होता आणि हा त्याला वितरक करायला निघाला होता! हे मी त्याला सांगितलं नाही, विचारलं: “काकांनी साबणाबद्दल का विचारलं असेल?” तो गप्प झाला, मग कपाळावर हात मारून घेतला.

यानंतर एकच छोटी योजना ठरवा, आणि ती ‘असं झालं तर मी असं करीन’ या साच्यात बसवा. ‘कुणी मालाबद्दल विचारलं, तर मी प्लॅनची वही मिटीन आणि नमुना हातात देईन.’ पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तर योजनांवर बरंच संशोधन केलं आहे. नुसता ‘मी प्रयत्न करीन’ असा निश्चय करण्यापेक्षा कधी, कुठे, काय हे आधी ठरवलं की काम पार पडण्याची शक्यता वाढते, असं त्यातून दिसतं. वहीत लिहा, पुढच्या कामाच्या फोनवर तेवढंच विचारा.

आणि हो, ‘निगेटिव्ह वर, पॉझिटिव्ह खाली’ ही आपल्या धंद्यातली जुनी शिकवण. तक्रार अपलाइनकडे न्यायची, खालच्यांपुढे रडगाणं गायचं नाही. अर्धी शिकवण मला मान्य आहे. पण तक्रार वर नेल्यावर वरचा माणूस ‘पॉझिटिव्ह राहा’ एवढंच म्हणून ती परत खाली ढकलत असेल, तर मधला माणूस करणार काय? कपाटावर खोके रचणार.

५. कौतुक नेमकं करा

‘सुपर!’, ‘फोडलंस!’, ‘तू तर जन्मजात लीडर!’ हे कौतुक फुकटचं आहे आणि माणसाला ते कळतं.

१९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. ‘हुशार’ म्हटलेली मुलं लवकर हिरमुसली. मला जास्त टोचलं ते पुढचं: कोड्यांत मिळालेले गुण फुगवून सांगण्याचं प्रमाणही याच मुलांत जास्त होतं. प्रयोग मुलांवरचा आहे, मोठ्यांना तो जसाच्या तसा लावू नये. तरीही मला माझ्या त्या ताई आठवल्या. मी त्यांना ‘टीमची शेरनी’ म्हणायचे. शेरनीने खोके पडून आहेत हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आता मी बघितलेली गोष्ट सांगते. “तिसऱ्यांदा फॉलोअप करताना तुम्ही ‘घेता का?’ न विचारता ‘तेल वापरून कसं वाटलं?’ विचारलंत, ते आवडलं मला.” त्यासाठी ती गोष्ट आधी आपल्याला दिसलेली असावी लागते. म्हणूनच खोटं कौतुक सोपं असतं.

चांगली बातमी आली तर नुसता अंगठा दाखवून मोकळं होऊ नका. “अरे वा, काय म्हणाल्या त्या? सांग की सगळं!” असं विचारलं की सांगणाऱ्याचा आनंद दुप्पट होतो.

कौतुक किती आणि टीका किती, याचं प्रमाण शिकवणारे प्रशिक्षक भेटतील. ‘तीनास एक’ हा आकडा २००५ सालच्या एका शोधनिबंधावरून पसरला. त्यात नेमकं २.९ असं गुणोत्तर गणिताने काढलं होतं. २०१३ साली निकोलस ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी ते गणितच चुकीचं असल्याचं दाखवलं आणि तो भाग मागे घेतला गेला. तेव्हा कौतुक मोजत बसू नका.

६. चूक सांगायची वेळ आली तर

एकट्यात, त्याच दिवशी, आवाज न चढवता. काय दिसलं, त्याने काय होऊ शकतं, आता काय करायचं. तीन वाक्यांत संपवा. ‘आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड’ असा थर लावायला शिकवतात. माझ्या अनुभवात त्यातलं कडू ऐकूच जात नाही, किंवा पुढच्या वेळी तुम्ही गोड बोलायला लागलात की माणूस धास्तावतो.

काही चुका मात्र उद्यावर ढकलू नका. कुणी आपल्या पावडरीने मधुमेह बरा होतो असं स्टेटसला टाकलं, तर लगेच फोन करा: “दादा, ते स्टेटस आत्ता काढा. लेबलवर असा दावा नाही. कुणी गोळ्या थांबवल्या तर त्याच्या जिवावर बेतेल, मग बाकीचं सोडाच. काढलंत की मला सांगा, नवा मजकूर मिळून लिहू.” इथे नरमाई म्हणजे बेजबाबदारी. ते स्टेटस त्याने तुमच्याच जुन्या मेसेजवरून उचललेलं असेल, तर तेही कबूल करा. माझ्यावर ती वेळ आली आहे.

७. ग्रुपला शिस्त लावा, आधी स्वतःला

माझ्या ग्रुपचे आताचे नियम:

- दिवसाला माझे जास्तीत जास्त दोन मेसेज. सुविचार, फुलं, गुड मॉर्निंग बंद.
- रात्री नऊनंतर शांतता.
- कुणाचा आकडा, रँक, ऑर्डर त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. महिनाअखेरची ‘कोण कुठे’ यादी तर नाहीच.
- शंका ग्रुपवर, तक्रार थेट मला. तक्रारीला चोवीस तासांत उत्तर, निदान ‘मिळाली, उद्या बोलते’ एवढं तरी.
- ग्रुप सोडणाऱ्याला ‘का सोडलात?’ असं ग्रुपमधल्या कुणी विचारायचं नाही.

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बघून माणसं जोखू नका. वाचून उत्तर दिलं नाही म्हणजे रस गेला असं नसतं. बस आली असेल.

नाजूक विषय लिहून मांडू नका, फोन करा. मात्र त्यासाठी ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे सेमिनारमधलं वाक्य मला ऐकवू नका. तो आकडा आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला आहे. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला आवड वाटते की नावड, एवढंच त्यांत लोकांना ओळखायला सांगितलं होतं. सगळ्या बोलण्याला हा आकडा लावू नये हे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलं आहे. शब्द ७ टक्केच असते तर परक्या भाषेतलं भाषण ऐकून आपल्याला ९३ टक्के कळायला हवं होतं.

८. पैशाबद्दल खरं बोला

इथे बहुतेकांचा सकारात्मकपणा खोटेपणात घसरतो. ‘सहा महिन्यांत नोकरी सोडशील’ हे वाक्य प्रोत्साहन म्हणून बोललं जातं, पण ऐकणारा ते वचन म्हणून घरी नेतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ साली ७० मल्टिलेव्हल कंपन्यांनी जाहीर केलेले उत्पन्नाचे तक्ते तपासले. त्यांतल्या किमान १७ कंपन्यांत बहुतेक सहभागींना काहीच मिळालं नव्हतं. आणि अनेक तक्ते असे मांडलेले होते, की काहीच न कमावणारे किंवा सभासदांनी केलेला खर्च त्यांत धरलेलाच नव्हता. तुमच्या कंपनीचा तक्ता असेल तर टीमसमोर ठेवा, आणि हिशेबातून कोणाला वगळलंय तेही वाचून दाखवा.

मी माझा स्वतःचा जमाखर्च दाखवते. पहिली दोन वर्षं मी तोट्यात होते. एका जॉइनिंगच्या बैठकीत हे सांगितल्यावर पाचपैकी दोघं उठून गेले. अपलाइन चिडले. पण राहिलेल्या तिघांशी मला पुढे कधी सारवासारव करावी लागली नाही.

सापळे: चेकचे किंवा वॉलेटचे स्क्रीनशॉट, भाड्याच्या गाडीशेजारचे फोटो, ‘रँक जाऊ नये म्हणून या महिन्यात तेवढं घेऊन टाका’, आणि कर्ज काढायचा सल्ला. शेवटचे दोन सल्ले कुणी तुमच्या टीमला देत असेल, मग तो कितीही मोठ्या पिनचा (रँकचा) असो, तर तुम्ही मध्ये उभं राहायचं. मालाची खरी विक्री नसेल आणि पैसा फक्त नव्या भरतीतून फिरत असेल, तर ती पिरॅमिड योजना असते. तिथे बोलणं सुधारून काही उपयोग नाही, बाहेर पडा आणि इतरांनाही काढा.

९. सोडून जाणाऱ्याशी

जाणाऱ्याला थांबवायला तीन-तीन सिनियर फोन करतात. कुणी म्हणतं ‘हरणारेच सोडतात’. असलं काही करू नका. एकदाच विचारा: “ठरलंय का, की बोलायचंय?” ठरलं असेल तर कामाला लागा:

१. परतीच्या मुदतीत किती माल बसतो ते खरेदीच्या तारखांवरून बघा. ही मुदत संपू देऊ नका, त्यालाच आधी हात घाला.
२. न फोडलेला माल, बिलं आणि कंपनीचा परतीचा अर्ज एकत्र करा. अर्ज भरताना फोनवर सोबत राहा.
३. आपोआप जाणारी मासिक ऑर्डर लावली असेल तर बंद झाल्याची खात्री करा.
४. ग्रुपमधून त्यांच्या सांगण्याने काढा. निरोपाची पोस्ट त्यांना हवी असेल तरच.
५. महिन्याने एक फोन करा. ऐकण्याचा.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंच्या सहा खोक्यांपैकी तीन कंपनीने परत घेतले, त्यालाही बरेच खेटे घालावे लागले. उरलेल्या तीन खोक्यांची परतीची मुदत टळून गेली होती. ती टळली तेव्हा मी त्यांच्या मेसेजला टाळ्या देत होते. ते तीन मी त्यांच्याकडून मूळ दरात घेतले. दोन विकले गेले. तिसरा माझ्या कपाटावर आहे, चिकटपट्टीसकट.